जखमेच्या हिशेबाने खरेदी करा : एका निवृत्त सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांच्या खरेदी समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या दोघा-तिघांना तरी मी ओळखते. तुम्ही इंटर्न होऊन माझ्या ड्रेसिंग रूममध्ये आलात, निर्जंतुक ड्रममध्ये उघडा हात घालणार इतक्यात मी तुमचं मनगट धरलं होतं. आता तुम्ही विभागप्रमुख आहात, खरेदीच्या फायलींवर सह्या करता. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मेमोची भीती गेली, गुडघे गेले, वेळ मात्र भरपूर उरलाय. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण लांब पत्रं समितीत किती वाचली जातात हे मला चांगलं ठाऊक आहे. जखमेवर लावायच्या साहित्याचा भाव तुम्ही नगावर काढता. ज्याचा नग स्वस्त तो एल-वन, त्याला ऑर्डर. हाच हिशेब एक जखम भरून येईपर्यंत किती खर्च झाला, असा मांडा. मग बघा गॉज खरंच स्वस्त पडतं का.

हे माझ्या डोक्यात बसलं ते एका मावशीमुळे. सात-आठ वर्षं झाली त्याला. ससून डॉकवर कोळंबी सोलणारी बाई, मूळची कलबुर्गीकडची, पण इतकी वर्षं डॉकवर काढलेली की बोलणं आमच्या कोळीवाड्याच्या वळणावर गेलेलं. पहाटे लाँचींचा माल उतरला की बर्फाच्या पाण्यात उकिडवं बसायचं, डोकं मोडायचं, टरफल काढायचं, सोललेली कोळंबी टबात टाकायची. मजुरी टबावर. एक दिवस कोळंबीच्या डोक्याचा काटा पायात घुसला. मावशीला साखर होती, पण ते तिला आणि तिच्या घरच्यांना पाय सुजल्यावर कळलं. डॉक्टरांनी चिरून पू काढला. उरली ती टाचेच्या कडेला तळहाताएवढी उघडी जखम.

तेव्हा मी ज्या रुग्णालयात होते तिथे तिच्यासाठी रोजचं ड्रेसिंग लिहिलं गेलं. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज, वर पॅड, वर बँडेज. दुसऱ्या दिवशी ते गॉज वाळून जखमेला चिकटलेलं असायचं. मी सलाईन ओतून ओतून सोडवायची, तरी शेवटी ओढावंच लागायचं. त्या ओढण्याबरोबर आदल्या दिवशी आलेलं लाल, मखमलीसारखं नवं मांस निघून यायचं. मावशी टेबलाची कड धरायची आणि म्हणायची, "ओढ बाय एकदाचं." शरीराने रात्रभर विणलेलं आम्ही सकाळी उसवायचो आणि केसपेपरवर लिहायचो, 'ड्रेसिंग डन'.

मी स्टोअरला अल्जिनेट ड्रेसिंगची, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनलेल्या, ओल्या जखमेला न चिकटणाऱ्या ड्रेसिंगची मागणी लिहून पाठवली. इंडेंट परत आलं. शेरा होता : शेड्यूलवर (म्हणजे मंजूर खरेदीच्या यादीत) नाही, गॉज वापरावे.

ओपीडी सकाळची, सोलायचं कामही सकाळचं. ड्रेसिंगला आली की तिचा रोज बुडायचा. दोन महिने आली. मग पंधरा दिवस फिरकलीच नाही. परत आली तेव्हा जखमेत आळ्या होत्या आणि पायाची करंगळी वाचली नाही. या सगळ्याचा दोष एकट्या गॉजवर टाकणार नाही मी. साखर होती, चप्पल धड नव्हती, घरी दोन नातवंडं होती. पण रोज नाही, तीन दिवसांतून एकदा ये असं तिला सांगता आलं असतं, तर ती आली असती. हे मी तिच्या तोंडून ऐकलंय.

आता समितीत लेखा विभागाचेही लोक बसतात, त्यांच्यासाठी जरा सोपं करून सांगते. ज्याला पॉलिसॅकराइड म्हणतात ती साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. भातातला स्टार्च आणि कापसाचं सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच मण्यांचे. फरक फक्त एक मणी दुसऱ्याला कसा ओवलाय याचा. एका तऱ्हेने ओवला की आपण वरणासोबत जेवतो, दुसऱ्या तऱ्हेने ओवला की त्याचं धोतर होतं. गिरणगावाने शंभरेक वर्षं ही दुसरी माळ विणली आणि तिथलंच सुटं, विरळ कापड म्हणजे आपलं गॉज. तेव्हा जखमेवर पॉलिसॅकराइड लावायचं की नाही हा प्रश्नच नाही. तुम्ही ते कायम विकत घेत आलात. कुठलं घ्यायचं, एवढंच ठरवायचंय.

जरा माझ्याबरोबर रुग्णालयातून एक फेरी मारा. डोळ्यांच्या थिएटरमध्ये मोतीबिंदू काढताना आत जे पारदर्शक जेल सोडतात, ज्याला सगळे नुसतं 'व्हिस्को' म्हणतात, ते एकतर सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेलं असतं किंवा हायलुरोनिक ॲसिडचं. हे हायलुरोनिक ॲसिड १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यात सापडलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले, हल्ली जिवाणूंकडून बनवून घेतात. आपल्याकडे सेल्युलोजचं स्वस्त व्हिस्को जास्त चालतं आणि हजारो आज्यांना त्यानेच दिसायला लागलंय. म्हणजे साधं आणि स्वस्त वाईटच असतं असं मी मुळीच म्हणत नाहीये.

डायलिसिसला जा. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून हेपरिन देतात. तेही पॉलिसॅकराइड, १९१६ साली जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती कुत्र्याच्या यकृतात लागलेलं, आज मुख्यतः डुकराच्या आतड्यातून येतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेट्री डिशमध्ये थिजवलेलं असतं ते अगार. तुमच्या घरी उन्हाळ्यात चायना ग्रासचं पुडिंग होत असेल तर तुम्ही ते खाल्लंयसुद्धा. जंतू वाढवायला जिलेटिनऐवजी अगार घ्या, हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुचवलं फॅनी हेसे या बाईंनी. स्वयंपाकघरातून त्यांना ते माहीत होतं. शोधनिबंधात नाव नवऱ्याचंही नीट आलं नाही, बाईंचं कुठून येणार. दातांच्या विभागात कवळीचं माप घ्यायला जो गुलाबी लगदा कालवतात तो अल्जिनेटचा, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून काढलेला. छातीत जळजळतं म्हणून मेडिसिनवाले जी दुधट बाटली लिहून देतात, तिच्यातही बऱ्याचदा अल्जिनेटच असतं. पोटात गेलं की त्याची साय धरते आणि आम्ल वर येत नाही.

म्हणजे कवळीच्या मापाला अल्जिनेट चालतं, जळजळीला चालतं, आणि जखमेपाशी आलं की 'शेड्यूलवर नाही'.

अल्जिनेट जखमेत काय करतं ते सांगते, कारण मी ते नंतर स्वतः वापरून पाहिलं. एका ट्रस्टच्या शिबिरात मिळालं होतं. पाकिटातून काढलं की पांढऱ्या नमद्यासारखं दिसतं, हलकं. त्याच्या धाग्यांत कॅल्शियम अडकवलेलं असतं. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यात सोडियम असतं. दोघांची अदलाबदल होते आणि नमद्याचा जेल होतो. स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीसपट पाणी ओढून धरतो. सुटलेलं कॅल्शियम रक्त थांबायलाही मदत करतं. दोन-तीन दिवसांनी उघडलं की जेल सलाईनने धुऊन निघतो, ओढायचं काम पडत नाही. पहिल्यांदा बघताना हिरवट-पिवळा चिकट थर बघून मी घाबरले होते, पू झाला असं वाटलं. तो पू नसतो, हे आधी शिकवावं लागतं. आणि कोरड्या जखमेवर हे लावायचं नाही, तिथे ते गॉजसारखंच चिकटून बसतं. नव्या साहित्याला नवी सवय लागते, आणि सवयीसाठी ट्रेनिंग लागतं. माझ्या नोकरीत मी आग विझवण्याचं ट्रेनिंग चार वेळा घेतलं, ड्रेसिंगचं एकदाही नाही.

जखम ओलसर ठेवली तर वरची कातडी लवकर येते, हे काही कालपरवा कळलेलं नाही. जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून १९६२ साली दाखवलं. त्याआधी सगळे जखम वाळवत बसायचे. आपण साठ वर्षांनंतरही भिजवलेलं गॉज लावतो आणि दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर उपटतो, म्हणजे अर्धं विंटर आणि अर्धं आजीबाई.

आता मावशीच्या टरफलांकडे येते. कोळंबीचं डोकं आणि टरफल मिळून जवळपास अर्धं वजन होतं. वाळवलेल्या टरफलात प्रथिनं असतात, चुनखडी असते आणि कायटिन असतं. कायटिनही सेल्युलोजसारखीच माळ, फक्त प्रत्येक मण्याला नायट्रोजनचा एक छोटा गट लटकलेला. टरफल पातळ ॲसिडमध्ये टाकलं की चुना निघतो, पातळ कॉस्टिक सोड्यात टाकलं की प्रथिनं निघतात. उरलेलं कायटिन तीव्र, गरम कॉस्टिकमध्ये शिजवलं की त्या लटकनांवरची टोपी निघते आणि कायटोसान तयार होतं. ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं आणि त्याच्यावर धन भार येतो. तांबड्या रक्तपेशींवर ऋण भार असतो. जखमेवर कायटोसान दाबलं की पेशी त्याला जाऊन बिलगतात आणि तिथल्या तिथे चिखल होतो. रक्त गोठवण्याची शरीराची जी साखळी आहे, तिची वाट बघावी लागत नाही. गंमत अशी की हेपरिन ही ऋण भाराने ठासून भरलेली माळ रक्त गोठू देत नाही, आणि कायटोसान ही धन भाराची माळ वाहणारं रक्त थांबवते. डायलिसिसची सुई काढल्यावर ज्या पेशंटचं रक्त थांबता थांबत नाही, त्याच्या हातावर एक दिवस या दोघींची गाठ पडायला हरकत नाही.

अमेरिकेत कायटोसानच्या पट्टीला २००२ साली मान्यता मिळाली आणि त्यांच्या सैनिकांनी ती अफगाणिस्तान-इराकमध्ये वापरली. आपल्या देशातही आता अशा पट्ट्या बनतात, परदेशांतही जातात. मुंबईत रणांगण नाही, पण लोकल आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २,००० हून जास्त माणसं गेली. त्यातली किती रक्त थांबलं असतं तर वाचली असती, ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. पण कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर आलेल्या पोराच्या मांडीवर हमालाने स्वतःचा शर्ट गुंडाळून बांधलेला मी कितीदा तरी सोडलाय. स्थानकांवरच्या तातडीच्या वैद्यकीय खोल्यांत आणि १०८ च्या गाड्यांत दोन-दोन पट्ट्या असायला काय हरकत आहे? मात्र पट्टी लावून सोडून द्यायची नसते, मनगट दुखेपर्यंत काही मिनिटं दाबून धरावी लागते. हे वाक्य पाकिटावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत हवं.

हे सगळं वाचून तुमच्यातला कुणी म्हणेल, सिस्टर, पुरावा काय? प्रश्न बरोबर आहे. मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर अल्जिनेटने जखम इतर ड्रेसिंगपेक्षा लवकर भरते असं कोक्रेनच्या, म्हणजे उपचारांचे पुरावे गोळा करून तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१३ च्या आढाव्यात दिसलं नाही. ते मी वाचलंय, मुलाने वाचून समजावलं. पायावरचा भार काढणं आणि साखर आटोक्यात ठेवणं हे कुठल्याही ड्रेसिंगपेक्षा मोठं औषध आहे, हेही मान्य. म्हणून मी 'लवकर भरते' असा दावा करत नाहीये. मी म्हणतेय, ड्रेसिंग किती वेळा बदलावं लागलं ते मोजा. पेशंट किती वेळा ओरडला ते मोजा. एका बदलाला गॉज, पॅड, बँडेज, सलाईन, ग्लोव्हज, ड्रम ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करायची वीज आणि सिस्टरचा पाव तास लागतो. याला महिन्याच्या तीस दिवसांनी गुणा. तिसऱ्या दिवशी बदलायचं असेल तर दहाने गुणा. त्यात अल्जिनेटच्या तुकड्याचे जे काही शे रुपये पडतील ते मिळवा. आकडे मी मुद्दाम देत नाही. ते तुमच्याच स्टोअरच्या रजिस्टरमध्ये आहेत, तुम्हीच काढा, म्हणजे मी फुगवले असं कुणी म्हणणार नाही. आणि पेशंटच्या बुडालेल्या रोजाचा रकाना रजिस्टरमध्ये नाही, तो वाढवा.

मुंबईच्या डॉक्टरांना महागड्या ड्रेसिंगची चटक लावायचा माझा इरादा नाही, उलट या शहराने स्वस्तातलं ड्रेसिंग जगाला दाखवलंय. परळच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची सालं लावली आणि १९८५ साली ते आंतरराष्ट्रीय मासिकात छापून आलं. गॉजच्या पट्टीवर सालं चिकटवायची, ऑटोक्लेव्ह करायची, जखमेवर ठेवायची. चिकटत नाही, ओल धरून ठेवते, पोरं कमी रडतात. सायनला डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ साली केळीच्या पानाचं ड्रेसिंग दाखवलं, भाजलेल्या जखमांवर आणि दुसरीकडे लावायला कातडी काढलेल्या जागेवर. ज्या पानावर आपण जेवतो तेच निर्जंतुक करून. तेव्हा मी विद्यार्थिनी असल्यासारखी ते निबंध मिळवून वाचले होते. सालं आणि पानं सोलायला, चिकटवायला माणसं लागतात, आणि वॉर्डात तेवढी माणसं नाहीत, म्हणून ते सगळीकडे पोचलं नाही. पण विचार तोच आहे. जखमेला जे चिकटत नाही ते लावा.

आणि ट्रॉम्बेला काय झालंय, तेही तुम्हाला माहीत असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि समुद्री शेवाळातली पॉलिसॅकराइड्स एकत्र करून हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचं, ड्रेसिंग बनवलं आणि ते तंत्र कंपन्यांना दिलं. साच्यात ओतायचं, पाकीट सील करायचं आणि मग किरणोत्सर्गाखाली धरायचं. जेल घट्ट होणं आणि निर्जंतुक होणं दोन्ही एका फटक्यात. आरपार दिसतं, म्हणजे जखम बघायला रोज उघडावी लागत नाही. भाजलेल्यावर ठेवलं की थंड लागतं. ट्रॉम्बेलाच आयसोमेड म्हणून केंद्र आहे, १९७४ पासून वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतंय. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. हार्बर आणि वेस्टर्न लाईनच्या पासात सगळं ज्ञान बसतं.

आता इथे मला थोडं थांबवायचंय तुम्हाला, कारण हे वाचून कुणाच्या तरी डोक्यात 'कचऱ्यातून सोनं' अशी योजना शिजायला लागली असेल. उद्घाटन, फीत, कोळीणींचा सत्कार, नऊवारी आणि अबोलीचे गजरे. कृपा करून आधी तसलं काही करू नका. मी कोळीवाड्यातली आहे. माझी आई वरळीच्या बाजारात बसायची, सोडे करताना उरलेली टरफलं माडाच्या बुंध्यात टाकायची. टरफल काही तासांत सडतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कारखान्याने काय करायचं? शिवाय ॲसिड आणि कॉस्टिक आणि त्यांना धुवायला लागणारं पाणी हे सगळं शेवटी कुठल्या तरी खाडीत जाणार. तळोज्याला २०१७ साली रस्त्यावरचे कुत्रे निळे झाले होते, आठवतंय ना? ज्या कोळ्यांच्या नावाने योजना काढायची त्यांच्याच खाडीत तिचं सांडपाणी सोडायचं, असं झालं तर त्या पट्ट्यांनी मुंबईच्या जखमा बांधायचं पुण्य मला नको.

आणि सगळंच कायटोसान जखमेत घालण्याच्या लायकीचं नसतं. टोपी किती निघाली, माळ किती लांब, त्यात जड धातू किती, जंतूंच्या कवचाचे विषारी तुकडे किती, हे सगळं तपासावं लागतं. शेतात फवारायचं कायटोसान वेगळं आणि ऑपरेशन थिएटरमधलं वेगळं. २००७-०८ मध्ये हेपरिनचं काय झालं ते विसरू नका. कुणीतरी स्वस्तातलं, हेपरिनसारखंच दिसणारं दुसरं पॉलिसॅकराइड त्यात मिसळलं. नेहमीच्या तपासणीत ते सापडलं नाही आणि अमेरिकेत कित्येक पेशंट गेले. एल-वनच्या पुढे दुसरी कुठली अट लिहायची नसेल तर मग माझं सगळं पत्र फाडून टाका, गॉजच बरं. निदान गॉज कुणाला मारत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ड्रेसिंगच्या टेबलावर जागा. रुग्णालयं मागायला लागली की बनवणारे येतील, बनवणारे आले की टरफलं मागतील, टरफलं मागितली की त्यांना भाव मिळेल. तेव्हा डॉकवर वेगळा टब ठेवायला कुणाला सांगावं लागणार नाही. सोलणाऱ्या बाया भावाच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहेत.

एक गोष्ट आम्हा सिस्टरांना रोज भोगावी लागते ती फायलीत येत नाही, म्हणून इथे लिहिते. साहित्य कशापासून बनलंय ते पेशंटला सांगायचं. माझ्याकडे जैन पेशंट यायचे, मुसलमान पेशंट यायचे, मंगळवार-गुरुवार करणारे आपले लोक यायचे. कोळंबीपासूनचं आहे असं सांगितल्यावर एखादी आजी पाय मागे घेईल. घेऊ दे. तिला अल्जिनेट द्या, ते शेवाळाचं आहे. कायटोसान अळंबीसारख्या बुरशीतूनही काढता येतं. मुळात कायटिन पहिल्यांदा १८११ साली सापडलं तेच अळंबीत, आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला. आणि ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना विचारून घ्यायचं. ॲलर्जी टरफलातल्या प्रथिनांची असते आणि शुद्ध कायटोसानमध्ये ती राहायला नकोत, पण 'राहायला नकोत' आणि 'नाहीत' यांच्यामधलं अंतर मी कॅज्युअल्टीत पाहिलंय. केसपेपरवर एक चौकोन छापा, त्यात खूण करायची. एवढंच.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या शेड्यूलवर पाझरणाऱ्या जखमांसाठी अल्जिनेट, भाजलेल्यांसाठी हायड्रोजेल आणि कॅज्युअल्टीसाठी कायटोसानची पट्टी, थोड्या संख्येत का होईना, नावानिशी आली पाहिजे. सरसकट सगळ्यांना लावा असं मी म्हणत नाही. गुडघा खरचटलेल्या पोराला गॉजच लावा, ते दोन दिवसांत बरं होतं. कुणाला काय लावायचं ते ठरवण्याचा अधिकार ड्रेसिंग रूमच्या सिस्टरला द्या, रजिस्ट्रारच्या सहीची वाट बघायला लावू नका, कारण जखम रोज बघते ती सिस्टर. आणि सहा महिने एका ड्रेसिंग रूमचं रजिस्टर वेगळं ठेवून बघा. एकेका जखमेचं एकेक पान. त्यावर बदल किती, दिवस किती, खर्च किती, रोज किती बुडाले. सहा महिन्यांनी ते पान तुमच्या लेखाधिकाऱ्यांपुढे ठेवा, माझं पत्र ठेवायची गरज नाही.

मावशी अजून डॉकवर आहे. तिला साखरेच्या गोळ्या नियमित चालू आहेत असं ती सांगते, मी अर्धंच खरं मानते. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा जखमेची जागा दाखवली, काळपट, घट्ट, करंगळीच्या जागी नुसता उंचवटा. तिला मी टरफलांपासून पट्टी बनते ते सांगितलं. ती आधी हसली आणि मग विचारलं, "किलोला काय देतात?"

रजिस्टर सुरू करायचं ठरलं तर पहिला आठवडा मी येऊन बसेन, मानधन नको. जिना चढवत नाही, त्यामुळे तळमजल्यावरची ड्रेसिंग रूम बघा. सकाळी नऊला आले तर चालेल ना?

आपली,
एक निवृत्त सिस्टर
वरळी कोळीवाडा, मुंबई